अंगणवाडीचा पोषण आहार : दोन तालुक्यांतला अनुभव

माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे आणि मुलगा १५ महिन्यांचा. दोघांचीही नावे अंगणवाडीच्या पटावर आहेत. मुलगी दोन वर्षांची असल्यापासून आम्ही पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात राहत होतो. गेल्या जूनमध्ये पतीच्या बदलीमुळे नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागांच्या पट्ट्यात आलो. त्यामुळे एकाच योजनेचा आहार दोन ठिकाणी घेण्याचा, शिजवण्याचा आणि चाखून पाहण्याचा योग आला. लहान मुलांच्या आईवडिलांना त्याचा उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे.

आधी हक्काविषयी थोडेसे. अंगणवाड्या ज्या योजनेतून चालतात ती एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या बालकांचा हा आहार कायदेशीर हक्क ठरवला. त्यात दररोज ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने एवढे प्रमाण ठरले होते. तीव्र कुपोषित बालकासाठी ते ८०० कॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने असे होते. २०२३ मध्ये ही प्रमाणे सुधारण्यात आली. तीन वर्षांपुढच्या मुलांना अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम ताजा आहार मिळतो, त्याहून लहान मुलांना घरी न्यायचा शिधा, ज्याला आमच्याकडे सगळे ‘टीएचआर’ (टेक होम रेशन) किंवा नुसते ‘पाकीट’ म्हणतात.

गरम आहाराविषयी माझे मत चांगले आहे. इथल्या अंगणवाडीत बचतगटाच्या महिला स्वयंपाक करतात. मुगाची खिचडी, मटकीची उसळ, लापशी असे पदार्थ आलटून पालटून असतात आणि सकाळी शेंगदाण्याची चिक्की किंवा राजगिऱ्याचा लाडू मिळतो. घरी मटकीला तोंड न लावणारी माझी मुलगी तिथे पंगतीत बसून वाटी चाटून पुसून संपवते, हे मी दारात उभी राहून अनेकदा पाहिले आहे. मूल समोर बसून खाते, त्यामुळे त्याच्या नावाचा घास त्याच्याच पोटात जातो. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत, शक्यतो गावातले गट आणि महिला मंडळे यांच्याकडून तो करून घ्यावा, असा आदेश दिला होता. तो किती योग्य होता हे इथली चूल पाहिली की पटते. उणीव आहे ती भाजीची आणि तेलाची. उसळ कधी कधी फार पातळ असते. मात्र त्याचा दोष मी स्वयंपाक करणाऱ्यांना देणार नाही. २०१७ साली दर बालकामागचा रोजचा खर्च ६ रुपयांवरून ८ रुपये करण्यात आला. त्यानंतर डाळी, तेल आणि सिलिंडर यांचे भाव कुठे गेले हे घर चालवणाऱ्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

पाकिटाबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. मुलाच्या नावाने मिळालेले तयार पीठ पाण्यात शिजवले की त्याची चिकट, गोडसर पेज होते. दोन दिवस त्याने ती खाल्ली, तिसऱ्या दिवशी तोंड फिरवले. त्यात तूप आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट घातल्यावर तो पुन्हा खाऊ लागला, परंतु ज्या घरात तूप आणि वेळ दोन्ही नाहीत तिथे काय होत असेल? शेजारच्या घरात चार मुले आहेत आणि एका बाळाचे पाकीट चौघांत वाटले जाते. त्या माउलीला मी कसा दोष देऊ? एकदा आमच्या पाकिटाला कुबट वास येत होता म्हणून मी ते परत केले, बदली पाकीट महिनाभर आले नाही. सहा महिने ते दोन वर्षे हा काळ बाळाच्या वाढीसाठी सर्वांत नाजूक असतो, त्याचे पोट लहान असते, म्हणून थोड्याशा घासात अधिक सत्त्व असावे लागते आणि ते दिवसातून तीन-चार वेळा भरवावे लागते. नेमक्या त्याच वयाला आपण सर्वांत कमी देखरेखीचा आहार देतो, हे मला फार खटकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी आढळली आणि उंचीच्या मानाने हडकुळ्या मुलांचे प्रमाण आधीच्या फेरीइतकेच, २५.६ टक्के राहिले.

जव्हारला आम्हाला याहून चांगले मिळत होते. जव्हारसारख्या अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रात २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना आहे. तिच्यात गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार आणि सात महिन्यांपुढच्या बालकांना आठवड्यातून चार दिवस अंडे किंवा केळी मिळतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे कायद्यातल्या मूळ रोजच्या प्रमाणातला जवळपास निम्मा वाटा. त्यात भेसळ करता येत नाही, ते पातळ करता येत नाही आणि बाळासाठी कुस्करायला दोन मिनिटे लागतात. माझ्या मुलाने पहिले अंडे तिथेच खाल्ले. बदली झाली आणि ते थांबले.

आम्ही पगारी माणसे, बाजारातून अंडी आणू शकतो. द्राक्षाच्या छाटणीसाठी पेठ-सुरगाणा या आदिवासी तालुक्यांकडून जी कुटुंबे इकडे येतात, त्यांना ते परवडत नाही. आपल्या पाड्यावर ज्या बाळाला अंडे मिळत होते, तेच बाळ काही तासांच्या प्रवासानंतर बागेच्या बांधावर झोळीत झोपलेले असते आणि त्याचा अंड्याचा हक्क तालुक्याच्या हद्दीवर संपलेला असतो. स्थलांतरित बालकाला कोणत्याही अंगणवाडीत आहार मिळू शकतो, पण तिथे अमृत आहार नसेल तर अंडे कुठून येणार? शिवाय शिधा देताना लाभार्थीचा चेहरा मोबाइलवर ओळखला जावा लागतो. या ऑक्टोबरात माझ्यासमोर एक मजूर बाई रेंज नसल्यामुळे पाऊण तास ताटकळून रिकाम्या हाताने बागेत परतली, कारण तिची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडत होती. अमृत आहार हा क्षेत्राऐवजी बालकाशी जोडला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

नाव नोंदवायला जाताना माता-बाल संरक्षण कार्ड आणि आधार सोबत न्यावे. वजनाबरोबर उंची आणि दंडघेर मोजायला आग्रहाने सांगावे, घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर मूल तीव्र कुपोषित गणले जाते आणि त्याला वाढीव आहार व उपचार मिळाले पाहिजेत. पाकिटावरची तारीख तिथेच वाचावी. आमच्या सेविकाताईंनी यंदा बागांवरच्या मुलांसाठी वेगळी वही केली आहे. तिच्यात आजपर्यंत २३ नावे आहेत आणि त्या मुलांना ताई पटावरच्या मुलांबरोबर पंगतीला बसवतात.