आजोबांची म्हणून विकलेली मार्लिन

टेक्सासात गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, जाऊन जुनी पॉइंट टू-टू (.२२) लिव्हर अ‍ॅक्शन रायफल घ्यायचा कुणाचा विचार असेल, तर माझे साडेसातशे डॉलर कसे गेले ते आधी वाचा. विकणारा नुसता थापा मारत नव्हता. थापा उघड पडू नयेत याची सोय त्याने रायफल टेबलावर मांडतानाच केली होती.

मुलीला नेमबाजी शिकवायची होती. .२२ लाँग रायफल हे १८८७ पासूनचं काडतूस. स्वस्त, आणि खांद्याला धक्का जवळजवळ नाही. त्यात लिव्हर अ‍ॅक्शन असली की प्रत्येक गोळीनंतर लिव्हर खाली-वर करावी लागते, त्यामुळे पोरांची घाई आपोआप आवरते. हेन्री कंपनीची नवी रायफल सहज मिळते, चालतेही छान. जपानात मिरोकूने बनवलेली ब्राउनिंग बीएल-२२ ही १९६९ पासूनची. तिची लिव्हर जेमतेम ३३ अंश फिरते, हाताला फार सुरेख लागते. विंचेस्टर ९४२२ ही १९७२ ते २००५ पर्यंत निघाली. तिच्या नावापुढे ‘एम’ असेल तर मात्र ती मॅग्नम या जाड काडतुसाची. लाँग रायफलचं काडतूस तिच्यात सैल बसतं आणि पुंगळी फाटते. विकणारे हा ‘एम’ सोयीस्करपणे विसरतात.

मला हवी होती मार्लिन ३९ए. उजव्या बाजूचा एक मोठा स्क्रू नाण्याने सोडवला की रायफलचे दोन भाग होतात आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. बहुतेक लिव्हर रायफलींमध्ये गज तोंडाकडूनच घालावा लागतो. मार्लिन कंपनी २००७ मध्ये रेमिंग्टनने घेतली, २०२० मध्ये रुगरने. म्हणून कनेटिकटच्या जुन्या कारखान्यातल्या, नळीवर ‘जेएम’चा छोटा लंबगोल छाप असलेल्या रायफलींना भाव चढलाय. लबाड माणसं तिथेच घोटाळतात.

हा गृहस्थ दुकानदार नव्हता. एक टेबल भाड्याने घेऊन घरातल्या बंदुका विकायला बसलोय म्हणाला. त्याच्या सांगण्याप्रमाणे ही रायफल त्याच्या आजोबांनी १९५५ साली घेतलेली, सगळी मूळची, फारशी न वापरलेली. ‘जेएम’ छाप त्याने बोट ठेवून दाखवला. लिव्हर हलवून बघू का विचारलं तर तिला लावलेला झिप टाय (प्लास्टिकचा आवळपट्टा) दाखवला, म्हणाला हॉलचा नियम आहे. नियम असतो हे खरंच. पण शोच्या माणसासमोर तो टाय कापून बघता येतो, हे त्याने सांगितलं नाही. नळीच्या आत घट्ट तेल भरलं होतं, ‘गंज लागू नये म्हणून’. आणि किमतीचं लेबल दोऱ्याने न बांधता नळीवर चिकटवलं होतं.

ते लेबल घरी काढलं तेव्हा खाली ‘नॉर्थ हेवन’ निघालं. मार्लिनचा कारखाना न्यू हेवनहून नॉर्थ हेवनला गेला १९६९ मध्ये. १९५५ च्या रायफलीवर ते नाव येईल कसं? गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याने, रायफलीवरचा नंबर बघूनच साल सांगितलं. १९७३ पासूनच्या मार्लिनमध्ये नंबरचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा करायचे; माझ्या नंबराची सुरुवात २२ ने, म्हणजे साल १९७८. आजोबा बाद.

साल चुकीचं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण गनस्मिथने तेल पुसून नळीत दिवा धरला, तर मध्यावर एक काळपट कडं दिसलं. आधीची गोळी आत अडकलेली असताना मागून दुसरी मारली की नळी तिथे फुगते, त्याची ही खूण. वरून हात फिरवला तर काही लागत नाही, कारण नवा मुलामा चढवण्याआधी नळी पॉलिश केलेली. त्याच पॉलिशमुळे नळीवरच्या अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या. तिसरी गोष्ट चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेची. रिमफायर रायफल (.२२ सारखी, जिची पिन काडतुसाच्या काठावर आपटते) रिकामी असताना चाप ओढत राहिलं तर पिन चेंबरच्या काठावर आपटते, काठ आत चेपतो आणि पुंगळ्या अडकतात. लिव्हर हलवून एक डमी काडतूस आत-बाहेर केलं असतं तरी कळलं असतं. त्यासाठीच तो टाय. चेंबरचा काठ गनस्मिथने दाबून सरळ केला. फुगलेल्या नळीला मात्र इलाज नाही, आणि गोळ्या कागदभर विखुरतात.

पैसे परत मिळवायची वाट नाही. विक्रेत्याने दिलेला फोन लागत नाही. शोवाले म्हणतात खासगी व्यवहार, आमचा संबंध नाही. इथल्या जस्टिस कोर्टात वीस हजार डॉलरपर्यंतचा दावा करता येतो, पण दावा करायचा कुणावर? एकाच राज्यातल्या दोन खासगी माणसांमध्ये रायफल विकली गेली तर टेक्सासात ना फॉर्म भरावा लागतो, ना नावाची नोंद होते. आमच्या कोकणात शेतीसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक बाळगायची तरी जिल्हाधिकारी कचेरीचा परवाना लागतो. त्या कटकटीला आम्ही किती नावं ठेवायचो! परवानाधारक दुकानदाराकडून घेतली तर ४४७३ नंबरचा फॉर्म आणि पार्श्वभूमी तपासणी होते, आणि निदान दुकान तरी जागेवर राहतं.

व्हिसावर असलेल्यांसाठी एक सांगायलाच हवं. एच-१बी सारख्या व्हिसावर बंदूक घेणं, बाळगणं संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे मना आहे. शिकारीचा वैध परवाना असेल तर अपवाद आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. विकणारा हे विचारत नाही, अडकतो घेणारा.

ऑनलाइनची तऱ्हा वेगळी. ओळखीतल्या एकाने अर्ध्या किमतीची ३९ए पाहून ‘झेल’ (Zelle) या बँकेतून थेट पैसे पाठवायच्या सोयीने पैसे पाठवले. वेबसाइटने घरपोच देतो म्हटलं होतं, आणि वर बजावलं होतं की पैसे पाठवताना बंदुकीचा उल्लेख नको, ‘वाढदिवसाची भेट’ लिहा. बँकेकडे तक्रार गेली तेव्हा तो शेराच त्याच्या विरोधात गेला. परराज्यातलं खरं दुकान आधुनिक रायफल तुमच्या दारात पाठवूच शकत नाही, ती तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडेच येते.

माझ्या त्या गृहस्थाच्या टेबलावर इथाका एम-४९ पण होती. दिसायला अगदी काउबॉयची लिव्हर रायफल. तिच्यात पंधरा गोळ्या बसतात असं तो शेजारच्या गिऱ्हाइकाला सांगत होता. एम-४९ मध्ये एका वेळी एकच गोळी बसते. नळीखाली दिसणारी दुसरी नळी नुसती शोभेची असते.