राक्षस की नागा? पहिल्या मोठ्या खलनायकाचा हिशोब

डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ. त्यातलं कॅम्पेन (लांबलेली गोष्ट) चार-पाच महिने चाललं, पार्टी (खेळाडूंच्या पात्रांची टोळी) पाचव्या लेव्हलला पोचली, गॉब्लिन मारून मारून कंटाळली, आणि आता पोट्टे म्हणून राहिले, 'भाऊ, काहीतरी मोठं आण ना बे.' अशा वेळी आपल्याकडचा डीएम (गोष्ट चालवणारा) डी अँड डीचं मॉन्स्टर मॅन्युअल, म्हणजे शत्रूंचं पुस्तक, चाळत दोन पानांवर हमखास अडतो: राक्षस आणि नागा. दोघंही ऐकीव ओळखीचे. मी दोन्ही टेबलावर आणलेत, त्यातला एक साफ फसला. (आकडे २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलचे आहेत. तुमच्याजवळ नवी आवृत्ती असेल तर तिथले घ्या.)

फसला तो राक्षस, आणि चूक माझीच. इथला राक्षस म्हणजे 'माणसाचा वास येतो' म्हणत येणारा आडदांड गडी नव्हे. वाघाचं डोकं, उंची कपडे, उलटे तळहात आणि वागणं जुन्या सावकारासारखं. १९७७ च्या पुस्तकातल्या चित्रात तर तो निवांत पाइप ओढत बसलाय. मी हौसेने पहिल्याच सीनमध्ये त्याचं तोंड दाखवलं. मे महिना, कूलरच्या घरघरीत माझा दबका आवाज कोणाला धड ऐकूही येत नव्हता, तेवढ्यात एक जण बोलला, 'काहून बे, हा तर पेंचचा वाघ दिसून राहिला!' टेबल हसलं, भीती संपली.

दुसऱ्यांदा मी त्याला तीन सेशन व्यापारी म्हणूनच ठेवलं. डिसगाइज सेल्फ हा रूप बदलायचा स्पेल (मंत्र) त्याला हवं तितक्यांदा वापरता येतं, पण तो नुसता डोळ्यांना फसवतो, स्पर्शाला नाही. मग देवळातला प्रसंग टाकला. पुजारी त्याच्या हातावर साखरफुटाणे ठेवतो. दिसतो सरळ तळहात, पण दाणे घरंगळून खाली. खरा हात उलटा ना! रोग (rogue, चोरटं पात्र) खेळणारी मुलगी दोन मिनिटं गप्प बसली आणि म्हणाली, 'मी त्याच्याशी हात मिळवते.' राक्षस आणायचा तर अशा क्षणासाठी. मारामारीसाठी आणायचा असेल तर राहू द्या.

कारण कागदावर तो चॅलेंज रेटिंग (शत्रू किती जड त्याचा आकडा) १३ चा आहे. हिट पॉइंट (किती मार सोसतो ते) ११०, आणि सहाव्या लेव्हलपर्यंतचा कुठलाही स्पेल त्याच्या मर्जीशिवाय त्याला लागत नाही. म्हणजे पाचव्या लेव्हलच्या विझार्डने (जादूगाराने) मिरवत आणलेला फायरबॉल फुसका. पंजाचा मार तसा किरकोळ, सरासरी ९, एका फेरीत दोनदा. खरी गोम पंजासोबत लागणाऱ्या शापात आहे: झोपलं तरी विश्रांतीचा काही उपयोग होत नाही, शॉर्ट रेस्ट नाही की लाँग रेस्ट नाही. वॉरलॉक या जादूवाल्या पात्राचे स्पेल शॉर्ट रेस्टवर परत येतात, त्यामुळे तो तर पुरता लटकतो. शाप काढणारा रिमूव्ह कर्स स्पेल क्लेरिकला (पुजारी पात्राला), विझार्डला आणि वॉरलॉकला पाचव्या लेव्हलला मिळतो, पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) नवव्या. पार्टीत तो टाकणारं कोणी नसेल तर हा राक्षस आणूच नका, टेबलावर भांडणं होतात.

त्याला मारायची किल्ली मात्र झकास आहे. चांगल्या अलाइनमेंटच्या (वृत्तीच्या) माणसाच्या हातातलं जादूचं टोकदार हत्यार असेल तर दुप्पट मार. भाला, रेपियर, बाण चालतात. लाँगस्वर्ड नाही चालत, ती कापते, भोसकत नाही. तलवारीला चिकटून बसलेल्या फायटरला सांगून पाहा की आता भाला घे, चेहरा बघण्यासारखा होतो.

आता स्पिरिट नागा, म्हणजे जादू येणारा दुष्ट साप. चॅलेंज रेटिंग ८, हिट पॉइंट ७५. चार जणांच्या पाचव्या लेव्हलच्या पार्टीला जड जातो, पण झेपतो. चावा भयंकर: दातांचे सरासरी ७ आणि वर विषाचे ३१. कॉन्स्टिट्यूशनचा (अंगातल्या ताकदीचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, १३ ला साधला तर विष निम्मं. पाचव्या लेव्हलचा विझार्ड ३२ हिट पॉइंटच्या आसपास असतो, म्हणजे सेव्ह चुकला तर एका चाव्यात आडवा. इथे बुटका ड्वार्फ हिरो ठरतो. त्याला विषाचा मार मुळात निम्मा, सेव्हही सोपा. शिवाय नागा डॉमिनेट पर्सन हा ताबा घ्यायचा स्पेल टाकून तुमचाच फायटर तुमच्यावर सोडतो. पण एका फेरीत चावा एकच, त्यामुळे मोकळ्या मैदानात पाच जण त्याला दोन फेऱ्यांत झोपवतात. अंधारी गुहा द्या, आणि डायमेन्शन डोअर (क्षणात दुसरीकडे पोचवणारा स्पेल) त्याला पळायला राखून ठेवा.

मेला तरी बिघडत नाही. १ ते ६ दिवसांत परत जिवंत, आणि ते फक्त विश स्पेलनेच थांबतं. राक्षसही परततो, पण नरकात जाऊन, महिन्यांनी किंवा वर्षांनी, आणि कोणी मारलं ते विसरत नाही. ज्यांच्या टेबलावर परीक्षा, शिफ्ट आणि लग्नसराईमुळे दोन-दोन महिने सेशन होत नाही, त्यांना राक्षसाचे धागेदोरे आठवत नाहीत. नागा तसाच उगवतो, काही आठवायची गरज नाही.

गोष्टीला माती आपल्याकडे दोघांसाठीही आहे. रामाने राक्षसांचा नाश करायची प्रतिज्ञा, म्हणजे टेक, जिथे घेतली ते रामटेक, अशी कथा आहेच. नागासाठी नागपूर शहरातून वाहणारी नाग नदी आहे, आणि श्रावणात पचमढीच्या नागद्वारला जाऊन आलेला एक तरी नातेवाईक प्रत्येक घरात सापडतो. त्याच्याकडून डोंगरातल्या वाटा विचारून घ्या, नकाशा फुकट मिळतो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा नागाच. आमचं ते सेशन नेमकं नागपंचमीला आलं. घरात चिरणं-तळणं बंद, आणि आम्ही फासे घेऊन नाग मारायला बसलेलो. ज्याच्या घरी खेळत होतो त्याची आई दारातून म्हणाली, 'आज नका मारू रे, उद्या मारा.' पोट्ट्यांनी खरंच हत्यारं खाली ठेवली आणि नागाशी बोलायला लागले. मी चटकन पान उलटून गार्डियन नागा काढला, चांगल्या बाजूचा, रेटिंग १०. आपण स्पिरिट नागासमोर उभे नाही हे त्यांना अजून माहीत नाही. तो सांगतोय ते खरं मानायचं का, यावर ग्रुपवर तीन दिवस वाद चालू आहे.