फायरवॉलमध्ये परवानगी: प्रोग्रॅमला द्यायची की पोर्टला?

सर्व्हरवर हिशेबाचं टॅलीप्राइम व्यवस्थित चालतं, पण शेजारच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरला लायसन्स सापडत नाही. "फायरवॉल बंद करून बघा" हा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. काम होतंही, पण त्या एका लायसन्ससाठी मशीनवरची प्रत्येक सेवा अख्ख्या नेटवर्कला मोकळी होते. विंडोजच्या फायरवॉलमध्ये (नेटवर्कच्या वाहतुकीवरचा पहारा) नीट रस्ते दोन आहेत: प्रोग्रॅमला परवानगी द्या किंवा पोर्ट (प्रोग्रॅम ज्यावर ऐकतो तो क्रमांक) उघडा.

नियम सर्व्हरवर करायचा, तोही इनबाउंड, म्हणजे आत येणाऱ्या वाहतुकीचा. बाहेर जाणारी वाहतूक विंडोज मुळात अडवत नाही, त्यामुळे क्लायंटवर (सर्व्हरला जोडणाऱ्या कॉम्प्युटरवर) नियम करत बसणं फुकट.

प्रोग्रॅमचा नियम त्याच्या एक्झी (.exe) फाइलच्या पत्त्याला, म्हणजे ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्या जागेला चिकटलेला असतो. प्रोग्रॅम चालू असेल तोवरच दार उघडं, आणि तो कुठल्याही पोर्टवर ऐकत असला तरी चालतं. पोर्ट ठरलेला नसेल तिथे हाच पर्याय. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा नेम्ड इन्स्टन्स (वेगळं नाव देऊन बसवलेली प्रत) मुळात डायनॅमिक, म्हणजे बदलता पोर्ट घेतो. त्याच्यासाठी नेहमीचा १४३३ उघडून ठेवला तरी उपयोग शून्य, शिवाय त्याला शोधून देणाऱ्या 'एसक्यूएल सर्व्हर ब्राउझर' सेवेसाठी यूडीपी १४३४ वेगळा लागतो (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवण्याच्या दोन पद्धती). दुबळी बाजू पत्त्याची. अपडेटनंतर प्रोग्रॅम नव्या आवृत्तीच्या फोल्डरमध्ये गेला की नियम यादीत हिरवा दिसतो आणि करत काहीच नाही. जावा किंवा पायथनच्या एक्झीला परवानगी दिली, तर त्यावर चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला ती मिळते, हेही विसरू नका.

पोर्टच्या नियमाला फोल्डरशी देणंघेणं नाही. जेलीफिनसारखा मीडिया सर्व्हर कायम ८०९६ वर बसतो, तिथे हा सुटसुटीत. पण उद्या त्याच पोर्टवर दुसरंच काही ऐकायला लागलं, तर त्यालाही दार उघडंच. टीसीपी आणि यूडीपी दोन्ही लागत असतील तर नियमही दोन.

ऑफिसच्या टॅलीसाठी मात्र एकाची निवड करायची गरजच नाही, दोन्ही अटी एकाच नियमात घाला. रनमध्ये 'डब्ल्यूएफ डॉट एमएससी' उघडा, इनबाउंड रूल्स, न्यू रूल, आणि तिथे प्रोग्रॅम किंवा पोर्ट न निवडता 'कस्टम' निवडा. प्रोग्रॅममध्ये टॅली गेटवे सर्व्हरची (क्लायंटना लायसन्स पुरवणारी टॅलीची सेवा) एक्झी दाखवा. प्रोटोकॉल टीसीपी, लोकल पोर्ट ९९९९ (गेटवे सर्व्हरचा हा मूळ पोर्ट, सेटिंगमध्ये बदलला असेल तर तो आकडा). ९९९९ रिमोट पोर्टच्या चौकटीत टाकला तर नियम कधीच लागू होत नाही, कारण क्लायंट स्वतःच्या बाजूने दर वेळी वेगळाच मोठा पोर्ट वापरतो. पुढे स्कोपमध्ये रिमोट आयपीला 'लोकल सबनेट' (आपल्याच नेटवर्कमधली मशीन), मग 'अलाउ', आणि प्रोफाइलपैकी (नेटवर्कचे प्रकार) फक्त प्रायव्हेट. मशीन डोमेनला (ऑफिसच्या केंद्रीय लॉगिन व्यवस्थेला) जोडलेलं असेल तर डोमेनही. कंपनीचा डेटा शेअर्ड फोल्डरमध्ये असेल तर तो टीसीपी ४४५ वरून जातो. त्यासाठी 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग'चे तयार नियम आहेत, तेवढे चालू करा.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट. प्रोग्रॅम पहिल्यांदा ऐकायला लागतो तेव्हा विंडोज परवानगीची खिडकी दाखवतं. ती घाईत 'कॅन्सल' केली, तर विंडोज नुसतं गप्प बसत नाही. त्या एक्झीच्या नावाने टीसीपी आणि यूडीपीचे दोन ब्लॉक नियम लिहून ठेवतं. ब्लॉक नियम अलाउवर भारी पडतो. मग तुम्ही पोर्ट उघडा, प्रोग्रॅमला परवानगी द्या, काहीही करा, दार बंदच. इनबाउंड यादी नावाने लावा, त्या प्रोग्रॅमच्या लाल गोल चिन्हाच्या ओळी शोधा आणि उडवा. नवा नियम त्यानंतर.

नियम बरोबर आणि तरी अडतंय? नेटवर्क 'पब्लिक' आहे का बघा. नवीन राउटर जोडल्यावर विंडोज अकरा त्याला बहुधा पब्लिकच धरतं आणि प्रायव्हेटपुरता नियम निपचित पडतो. उपाय नेटवर्क प्रायव्हेट करण्याचा. नियम पब्लिकला लावण्याचा नव्हे, विशेषतः लॅपटॉपवर, जो उद्या स्टेशनच्या वायफायवर जाणार आहे.

खात्रीसाठी सर्व्हरवर रिसोर्स मॉनिटर उघडा, नेटवर्क टॅब, 'लिसनिंग पोर्ट्स'. प्रोग्रॅमची ओळच नसेल तर सेवा बंद आहे. पत्त्यासमोर 'लूपबॅक' असेल तर प्रोग्रॅम फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतोय. दोन्ही वेळी फायरवॉल निर्दोष. पिंगवर (मशीन उत्तर देतं का ते बघणारी कमांड) विसंबू नका: पिंगला पोर्ट नसतो, आणि त्याचं उत्तर फायरवॉल वेगळ्या नियमाने अडवू शकतो. क्लायंटवर पॉवरशेलच्या टेस्ट-नेटकनेक्शनला सर्व्हरचा आयपी आणि पोर्ट द्या, ते खरं सांगतं.

पुण्याच्या क्विक हीलसारखा स्वतःची फायरवॉल असलेला अँटिव्हायरस मशीनवर असेल, तर सूत्रं त्याच्याकडे गेलेली असू शकतात. तसं असल्यास विंडोज सिक्युरिटीत फायरवॉलच्या पानावर त्याचं नाव दिसतं, आणि हाच नियम मग त्याच्या सेटिंगमध्ये करावा लागतो.