ताराबाई पार्कातील एक कॅफे: दुपारी जरूर जावे, जेवायला मात्र नको

कोल्हापूरच्या ताराबाई पार्कात अलीकडे सुरू झालेले हे ठिकाण दिवसभर कॅफे म्हणून चालते आणि संध्याकाळी साडेसातनंतर जेवणाचे रेस्टॉरंट होते. यांपैकी पहिले काम त्याला उत्तम साधले आहे, दुसरे अजिबात नाही.

कॉफी मन लावून केलेली असते. एस्प्रेसोच्या दोन शॉटसाठी साधारण 18 ग्रॅम पूड घेऊन 9 बारच्या आसपासच्या दाबाने 25 ते 30 सेकंदांत अर्क उतरवायचा, हा सर्वमान्य प्रघात येथे पाळला जातो. पूड दर वेळी काट्यावर तोलली जाते आणि त्यामुळेच कप कडवट निघत नाही. दर चढा वाटेल, पण त्यात बसण्याचे भाडेही धरलेले आहे, हे लक्षात घ्यावे. उद्यमनगरातील कारखानदार टेबलावर ड्रॉइंग पसरून दरपत्रकाची घासाघीस करतात, विद्यापीठातील मुले एका कपावर प्रबंधाचे प्रकरण संपवतात, आणि कोणीही न मागता बिल आणून ठेवत नाही. मटणाच्या खानावळीत असे रेंगाळणे शक्य नसते आणि शोभतही नाही, कारण दाराशी माणसे खोळंबलेली असतात व मालकाचे गणित ताट किती वेळा फिरते यावर बसलेले असते.

हा फरक रात्री ध्यानात घेतलेला दिसत नाही. मेनूत पास्ता, बिर्याणी, पनीर टिक्का आणि वर मटण थाळी! कपाला पुरेल एवढ्याच टेबलावर थाळी ठेवली की पाण्याच्या ग्लासाला जागा उरत नाही. पांढरा रस्सा म्हणजे मटणाच्या अळणी पाण्यात खसखस, तीळ, काजूचे वाटण आणि नारळाचे दूध. तो मंद आचेवर राखावा लागतो, जोराने उकळला तर फुटतो. सँडविचसाठी बेतलेल्या स्वयंपाकघरात त्याच्याकडे पाहायला माणूस नसावा, कारण आमच्या वाटीत तो फुटलेला आणि कोमट आला. तांबडा तिखट होता, एवढेच. वाढपी दुसऱ्यांदा फिरकला नाही आणि रश्श्याच्या जादा वाटीचे पैसे वेगळे लागले, जे या गावात धाडसाचेच म्हणायचे.

बिलाबाबत एक सूचना. कॅफे असो वा खानावळ, अशा स्वतंत्र ठिकाणी जीएसटी 5 टक्केच असतो. परंतु येथे रात्रीच्या बिलात सेवाशुल्कही जोडलेले होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जुलै 2022च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते आपोआप लावता येत नाही. निदर्शनास आणताच व्यवस्थापकांनी ते विनातक्रार वगळले.

दुपारी तीन ते सात ही वेळ उत्तम. साडेसातच्या सुमारास टेबले जेवणासाठी मांडू लागतात, तेव्हा शेवटची कॉफी त्याआधीच मागवावी.