व्हॅन फिटिंगच्या नावाखाली माझे एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार कसे गेले

कार्पेट धुण्याच्या धंद्यात सगळ्यांत जड वस्तू मशीन नसते, पाणी असतं. हे मला गोव्यात पर्वरीच्या उतारावर कळलं. मांडवीच्या पुलाकडे उतरत होतो. पुढच्या स्कूटरवाल्याने अचानक ब्रेक मारला, मीही मारला, आणि मागून आधी पाण्याचा धप्पकन आवाज आला, मग पत्रा फाटल्याचा. टाकीसकट अख्खा रॅक मशीनला ढकलत माझ्या सीटच्या पाठीला येऊन टेकला. शेजारी बसलेला मेहुणा एवढंच म्हणाला, "भावोजी, गाडी बाजूला घ्या." स्कूटरवाला काही न कळता निघून गेला. बरं झालं.

लाज वाटते ती याची की वजन हा आमच्या घरचा विषय. आम्ही डिचोलीचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तोपर्यंत आमचा टिपर खनिजाच्या फेऱ्या मारायचा. वजनकाट्याची चिठ्ठी कशी वाचायची, हे मी शाळेत असताना बाबांकडून शिकलो. भरलेली गाडी किती, रिकामी किती, मधला फरक किती. टिपर दारात उभा राहिला तेव्हा मी कळंगुट-कांदोळी पट्ट्यात सोफे आणि कार्पेट धुवायला लागलो. दहा टनांचा हिशेब तोंडपाठ असलेल्या माणसाने आपल्याच व्हॅनमध्ये किती किलो भरतोय हे एकदाही मोजलं नाही.

गाडी फिट करून घ्यायची गरज खरी होती. आमच्या व्हॅनमध्ये सामान नुसतं कोंबलेलं असायचं. एक्स्ट्रॅक्शन मशीन (कार्पेटात पाणी सोडून मळासकट परत ओढून घेणारं), फरशी घासायचं गोल मशीन, कोरडा व्हॅक्यूम, वाळवायचे तीन ब्लोअर, केमिकलचे कॅन, पाइपांची वेटोळी. पाइप पाहिजे तर आधी ब्लोअर उतरवा, ब्लोअर पाहिजे तर कॅन उतरवा. रिसॉर्टच्या पोर्चमध्ये सिक्युरिटीवाला पाच मिनिटं उभं राहू देतो, तेवढ्यात अर्धं सामानसुद्धा खाली येत नाही. शिवाय किनारपट्टीत बऱ्याच ठिकाणी पाणी टँकरचं. व्हिलाचा केअरटेकर दोन बादल्या देतानाही तोंड वाकडं करतो. म्हणून आपली टाकी, आपला पाइप-रील, सगळं जागच्या जागी, असं मनात होतं. सीझन सुरू व्हायच्या आधी, चवथीपर्यंत, म्हणजे गणेश चतुर्थीपर्यंत, काम व्हायला हवं होतं.

माणूस भेटला तो मोबाइलवरच्या व्हिडिओतून. एका औद्योगिक वसाहतीत शेड, दोन वेल्डर, दारात एक अर्धवट उघडी ॲम्ब्युलन्स. तिचं काम बहुधा त्याचं नव्हतंच, पण मला ती बघूनच विश्वास बसला. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. बोलणं एकदम गोड. "पात्रांव, तुम्ही फक्त गाडी आणून लावा. दहा दिवसांत नवी नवरी करून देतो." त्याने आपण केलेल्या म्हणून एका व्हॅनचा व्हिडिओ दाखवला. चकचकीत टाकी, रंगीत पाइपांची रीलं, प्रत्येक कॅनला कप्पा. मी तो व्हिडिओ घरी तीनदा बघितला. पैसे गेल्यावर चौथ्यांदा मेहुण्याने बघितला आणि विचारलं, "भावोजी, ह्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे कसं?" व्हिडिओ परदेशातल्या कुठल्या तरी गाडीचा होता.

कोटेशन १,९२,०००. त्यात 'ॲल्युमिनियम रॅक, एसएस टाकी ३०० लिटर, रील, फिटिंगसह' एवढी एकच ओळ. बायको म्हणाली, "अहो, पत्रा किती जाडीचा, टाकी कुठे बसणार, हे लिहून घेतलंत का?" मी म्हटलं, लिहून घ्यायला आपण काय घर बांधतोय? आधी एक लाख त्याच्या खात्यावर. आठवड्याने 'मटेरियल महागलं' म्हणून साठ हजार, ते मुलाच्या खात्यावर. आरटीओची परवानगी काढून देतो म्हणून आठ हजार रोख. आणि ताबा घेताना वीस हजार, तेही रोख. एकूण १,८८,०००. आपण ज्याच्याशी व्यवहार करतोय त्याच्या नावावर पैसे न घेता मुलगा, बायको, भाऊ अशी खाती पुढे येऊ लागली की तिथेच हात आखडावा. मी आखडला नाही, कारण तोवर लाख रुपये अडकले होते. तो नेमका त्यावरच बसून होता.

गाडी दिली ती चवथीच्या दोन दिवस आधी, रात्री साडेनवाला, पाऊस कोसळत असताना, एका ट्यूबलाइटच्या उजेडात. "पोरांना चवथीला गावी जायचंय, आज हिशेब पुरा करा." बाजारातून माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांचं, सामान आणायचं राहिलं होतं, बायकोचे फोनवर फोन. आत वाकून बघितलं, सगळं चमकत होतं. बारा हजार मी मागे ठेवले ते शहाणपणाने नाही, खिशात नव्हते म्हणून.

आता आतलं सांगतो.

रॅक ॲल्युमिनियमचा नव्हताच. लोखंडी चौकोनी पाइपांना चंदेरी रंग मारला होता. घरच्या फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट लावला, टपकन चिकटला. ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही, हे पोरांनाही माहीत असतं. त्याच आकाराच्या तुकड्याला ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट वजन लोखंडाचं, म्हणजे खिशाबरोबर गाडीवरही भार.

टाकीतली फसवणूक पकडायला मात्र मॅग्नेटचा उपयोग झाला नाही, आणि ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ३०४ ग्रेडच्या चांगल्या स्टेनलेस स्टीलला (एसएसला) मॅग्नेट धरत नाही, पण स्वस्तातल्या २०२ लाही धरत नाही. फरक पोटात असतो. ३०४ मध्ये साधारण आठ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये ते निम्म्याच्या आसपास आणि त्याच्या जागी मँगनीज भरलेलं. आपल्या खाऱ्या हवेत आणि इथल्या पावसात २०२ चहाच्या डागांसारखे डाग धरायला लागतं. माझ्या टाकीने दोन महिन्यांत धरले. शेवटी एका भंगारवाल्याने त्याच्याकडच्या बाटलीतला थेंब टाकून बॅटरीची तार लावली. थेंब लाल झाला. "दोनशे दोन," म्हणाला आणि पुन्हा भाजी-पाव खायला लागला.

त्याच टाकीचं झाकण कापलं तेव्हा खरा राग आला. "आत तीन आडवे पत्रे आहेत, पाणी हलणार नाही," हे त्याचं वाक्य मला पाठ आहे. आत काही नव्हतं, रिकामा डबा. भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त वाईट, कारण पाण्याला धावायला जागा मिळते. एक लिटर म्हणजे एक किलो. दीडशे किलो पाणी ब्रेकबरोबर पुढे धावलं तर ते भिंत शोधतंच. टाकी बनवून घेत असाल तर झाकण वेल्ड व्हायच्या आधी स्वतः जाऊन आत हात घाला. फोटो मागू नका, त्याच्याकडे दुसऱ्याच्या टाकीचे फोटो असतात.

आणि ती बसवली कुठे, तर मागच्या चाकांच्याही मागे, दाराशी. मागचं दार उघडलं की आधी टाकी दिसावी, व्हिडिओ चांगला यावा म्हणून. तीही उजव्या बाजूला, जिथे ड्रायव्हरचंही वजन. गाडी एका अंगाला झुकायची, पुढचं स्टिअरिंग हलकं लागायचं. मला वाटलं, नवीन फिटिंग आहे, बसेल हळूहळू. जड वस्तू पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये, तळाशी आणि डाव्या-उजव्याला तोलून हवी, हे टिपर भरताना मी लोडरवाल्यांना ओरडून सांगायचो.

रॅक जमिनीला धरलेला होता तो पत्र्यात घुसवलेल्या स्क्रूंनी. खाली चॅसीचा आडवा बीम चार बोटांवर होता. त्यातून आरपार बोल्ट काढून खालून जाड पट्टी लावली असती तर पर्वरीला काही झालं नसतं. गाडीखाली झोपून बघायला दोन मिनिटं लागतात. खाली बोल्टचं टोक आणि पट्टी दिसत नसेल तर वर कितीही चमको.

कप्प्यांचा प्लाय 'मरीन' सांगितला होता. मरीनवर आयएस ७१० असा शिक्का असतो, माझ्या प्लायवर ३०३ निघाला, साधा. पहिल्याच गळतीत फुगला. आणि केमिकलच्या ट्रेमध्ये संडास-फरशीचं ॲसिड नि ब्लीच एकाच खणात, गळ्यात गळा घालून. दोन्ही कॅन गळले असते तर बंद गाडीत क्लोरीन. जनरेटरही आत बसवून देतो म्हणत होता. ते मी टाळलं ते पैसे नव्हते म्हणून. त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोप लागल्यासारखा माणूस जातो.

पर्वरीच्या प्रकारानंतर मी गाडी सरळ वजनकाट्यावर नेली. टाकी भरली तर पाणी ३००, लोखंडी सांगाडा १४०, मशीन ४५, घासायचं मशीन ४०, ब्लोअर ३६, केमिकल ६०, आम्ही दोघं १४०. बेरीज ७६१ किलो. आरसीवरचं एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन यांतला फरक ६१५. म्हणजे जवळजवळ दीडशे किलो जादा घेऊन मी महिनोन्‌महिने गोवा फिरत होतो. ओव्हरलोडचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, ही नंतरची गोष्ट.

आठ हजारांत निघणारी आरटीओची परवानगी कधी आलीच नाही. त्याने पाणी सोडायला तळाचा पत्रा कापला होता. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीतल्या बदलांबद्दलच आहे, आणि नियमात न बसणाऱ्या प्रत्येक बदलामागे मालकाला पाच हजारांचा दंड होऊ शकतो. मालकाला, फिटिंगवाल्याला नव्हे. विमा कंपनीलाही मी काही कळवलेलं नव्हतं. त्या दिवशी कोणाला लागलं असतं तर काय, याचा विचार मी रात्री करतो.

एक गोष्ट सांगायला अजून जड जाते. मापं घ्यायला म्हणून माझं मशीन नऊ दिवस त्याच्या शेडमध्ये होतं. परत आल्यावर ओढ कमी वाटली. आधी एसी खोलीतलं कार्पेट पाच-सहा तासांत वाळायचं, आता दुसऱ्या दिवशीही ओलं. एका रिसॉर्टमधून फोन आला, खोलीला कुबट वास मारतोय, पाहुण्यांनी खोली बदलून मागितली. ते काम गेलं. मी पाइप बदलले, फिल्टर बदलले. म्हापशातल्या मिस्त्रीने मशीन खोललं तेव्हा कळलं की तांब्याच्या वाइंडिंगची मोटर काढून त्या जागी ॲल्युमिनियमच्या वाइंडिंगची जुनी मोटर टाकली होती. स्क्रूंच्या डोक्यांवर ताजे ओरखडे. माझ्याकडे मूळ मोटरच्या नंबरचा फोटो नाही, त्यामुळे हे मी कुठेही सिद्ध करू शकत नाही. तुम्ही आज फोटो काढून ठेवा, मशीन कुठेही न देताच.

बिलाचं तर हसूच येतं. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा असतो आणि पहिले दोन आकडे राज्याचे, गोव्याचे ३०. माझ्या बिलावरचा नंबर २७ ने सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्र, आणि मोजलीत तर अक्षरं चौदाच. १८ टक्के मात्र बरोबर लावलेले.

पोलिसांत लेखी अर्ज दिला, पोच घेतली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोललो. उत्तर गोव्याचा जिल्हा ग्राहक आयोग पर्वरीलाच आहे, म्हणजे उतार सुरू व्हायच्या आधी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. समोरचा म्हणतो, गाडी धंद्याची, मग हा ग्राहक कसला? पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः राबणाऱ्याला कायद्याने ग्राहक मानलंय, म्हणून मी अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहिलं की मशीन मी आणि माझा मेहुणाच चालवतो, नोकर नाही. तारखा चालू आहेत. काट्याची चिठ्ठी, कापलेलं झाकण, स्क्रू, सगळं एका गोणत्यात भरून ठेवलंय.

गाडीत आता मधोमध, सीटच्या मागे, शंभर लिटरची एकच प्लास्टिकची टाकी आहे, बीमला पट्ट्यांनी आवळलेली. रील बाजूच्या दाराशी. दिसायला काही खास नाही.

हे सगळं लिहायला बसलो त्याचं कारण गेल्या आठवड्यातला एक फोन. काणकोणला पेस्ट कंट्रोल करणारा एक ओळखीचा. त्याने एक व्हिडिओ पाठवला नि विचारलं, "ही गाडी तुझीच ना? किती लागले तुला?" माझीच होती. चवथीच्या आधीची, ट्यूबलाइटखाली चमकणारी, नंबर प्लेटवर बोट धरलेलं. मी विचारलं, पैसे दिलेस का काही?

"काल पन्नास टाकले," तो म्हणाला. "त्याच्या मुलाच्या खात्यावर."