आईला घेऊन युरोपात रेल्वेने : दोन महिन्यांच्या पासचा अनुभव

आई ७१ वर्षांची, राहणार वाई. २०२५ च्या मे महिन्यात ती नव्वद दिवसांच्या शेंगेन व्हिसावर माझ्याकडे म्युनिकला आली. दोन्ही गुडघे दुखरे. टूरवाल्यांच्या मागे धावणं तिला झेपलं नसतं, म्हणून रेल्वेचा पास काढला. दोन महिन्यांत कुठलेही दहा दिवस प्रवास.

आम्हा दोघींचा पास मात्र एक नव्हता. भारतात राहते म्हणून आईला युरेल, इथे राहते म्हणून मला इंटररेल. आईला साठीच्या पुढची दहा टक्के सूट मिळाली. माझा पास राहत्या देशात, म्हणजे जर्मनीत, फक्त एकदा बाहेर पडायला आणि एकदा परत यायला चालणार होता. हे आधी नीट वाचून घ्या. आम्ही ते दोन प्रवास स्वित्झर्लंड-इटलीच्या फेरीत वापरले. ऑस्ट्रियाला जाताना साल्झबुर्गपर्यंत मी डॉइचलांडटिकेटवर, म्हणजे जर्मनीतल्या साध्या गाड्यांच्या मासिक तिकिटावर गेले. ते तेव्हा महिना ५८ युरो होतं. आयसीई या वेगवान गाड्यांना चालत नाही, पण साल्झबुर्गच्या साध्या गाडीला चालतं.

पैसे वाचतात का? नेहमी नाही. खूप आधी काढलेलं सवलतीचं तिकीट बरेचदा स्वस्त पडतं. पण ते त्या एका गाडीचंच असतं, आणि वयस्कर माणूस सोबत असताना नेमकं तेच नको असतं.

एका जंक्शनवर गाडी बदलायला नऊ मिनिटं होती. पासच्या ॲपच्या मते पुरेशी. उतरलो तर लिफ्ट बंद. आई कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढली. वर पोचेपर्यंत गाडी हलली होती. "माझ्यामुळे चुकली ना गं?" एवढंच म्हणाली. तिचा चेहरा बघून माझ्या पोटात कालवलं. बाकावर बसवलं, थर्मासमधला चहा दिला, ॲपमध्ये तासाभराने सुटणारी गाडी टाकली. एक पैसा जास्त लागला नाही. पास घेतल्याचं समाधान मला त्या बाकावर मिळालं. पुढे गाड्यांच्या मध्ये चाळीस मिनिटं ठेवल्याशिवाय मी बेत आखला नाही.

ही मोकळीक जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये आहे, कारण तिथे बहुतेक गाड्यांना आरक्षणाची सक्ती नाही. फ्रान्सची टीजीव्ही किंवा इटलीची फ्रेच्चारोसा अशी वेगवान गाडी घेतली की आरक्षणाचे वेगळे पैसे आणि ठरलेली वेळ आलीच. इटलीत आम्ही म्हणूनच साध्या गाड्यांनी फिरलो.

गाडीत चढ-उतार करायला रेल्वेचा मदतनीस मागायचा असेल तर चोवीस तास आधी कळवावं लागतं. त्याचे पैसे पडत नाहीत. एकदा कोणीच आलं नाही, बाकी वेळा माणूस डब्याच्या दाराशी हजर. नसेल तेव्हा आईची स्वतःची युक्ती होती. माळ्यावरून शिडीने उतरावं तशी ती पाठमोरी उतरायची, दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी खाली उभी.

सगळ्यात सुंदर दिवस आल्प्समधल्या बेर्निना घाटाचा. स्वित्झर्लंडमधल्या कूरहून इटलीतल्या तिरानोला जाणाऱ्या बेर्निना एक्सप्रेसला आरक्षण लागतं, पण त्याच रुळांवरून साध्या गाड्याही जातात, त्यांना लागत नाही. ज्यांच्यासोबत आईवडील आहेत त्यांनी साधीच घ्यावी, कारण मध्ये हवं तिथे उतरता येतं. आम्ही २२५३ मीटरवरच्या ओस्पित्सिओ बेर्निनाला उतरलो. शेजारीच लागो बिआंको, पांढुरकं, थंडगार तळं. त्याचं पाणी इटलीकडे उतरून एड्रियाटिकला मिळतं, आणि लगतच्या काळ्या तळ्याचं इन नदीतून डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला. आईला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "म्हणजे आपल्या महाबळेश्वरासारखंच. कृष्णा तिकडे, सावित्री इकडे." मग दशमी आणि शेंगदाण्याची चटणी खात पुढची गाडी येईपर्यंत ती त्या पाण्याकडे बघत राहिली. गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

पासच्या दहा दिवसांतले तीन न वापरता तसेच गेले. लागोपाठ दोन दिवस प्रवास झाला की तिसऱ्या दिवशी आईला घरी वरणभात करून पडून राहायचं असे, आणि तेही बरोबरच होतं. ती पुन्हा यायचं म्हणते आहे. तेव्हा महिन्यात सात दिवसांचा पास घेईन, मात्र पहिल्या वर्गाचा. उन्हाळ्यात दुसऱ्या वर्गात बॅग ठेवायला जागा शोधताना आईला दोनदा गाडी सुटल्यावरही उभं राहावं लागलं होतं.