पाइनसाठी नजर कुठे ठेवायची: अमेरिकेवर की चीनवर?

वडोदऱ्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसी) पॅकिंगच्या पेट्या करणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन ठरलेला. "मामा, अमेरिकेने कॅनडाच्या लाकडावर पुन्हा ड्यूटी वाढवली म्हणे. माल भरून ठेवू का?" त्याला जे सांगतो तेच इथे लिहितो. वडोदऱ्यात पाइन घेणारे आणखीही बरेच आहेत.

पाइनसारख्या मऊ लाकडाच्या कापीव मालाची आयात करण्यात अमेरिका आणि चीन हेच दोघे मोठे. पण दोघांची भूक वेगळी.

अमेरिकेत घराचा सांगाडाच लाकडाचा, म्हणून आयात घरांच्या मागे धावते. २००५ मध्ये तिथे वीस लाखांहून जास्त घरांचं काम सुरू झालं, २००९ मध्ये जेमतेम साडेपाच लाख. लाकडाची आयातही तशीच कोसळली. माल मुख्यतः कॅनडाचा आणि त्यावरचं भांडण १९८२ पासूनचं. दोन्ही देशांतला २००६ चा करार २०१५ मध्ये संपला, २०१७ पासून ड्यूटी परत आली, २०२५ मध्ये ती बहुतेकांसाठी ३५ टक्क्यांच्या घरात गेली आणि ऑक्टोबरपासून वर आणखी १० टक्के. भावही तसाच बेभरवशाचा: मे २०२१ मध्ये हजार बोर्ड फुटांना १६०० डॉलरच्या वर, २०२२ संपताना ४०० च्या आसपास. (बारा बोर्ड फूट म्हणजे एक घनफूट. पण त्यांचा 'दोन बाय चार' रंधून दीड बाय साडेतीन इंचच भरतो, तेव्हा हिशेब करताना फसू नका.)

चीनची गोष्ट उशिरा सुरू होते. १९९८ च्या यांगत्सेच्या महापुरानंतर त्यांनी नैसर्गिक जंगलांतली तोड आवळली आणि बाहेरचं लाकूड जास्त घ्यायला सुरुवात केली. आधी रशियाचे गोल ओंडके. रशियाने ओंडक्यांवरची निर्यात ड्यूटी २००८ मध्ये २५ टक्क्यांवर नेल्यावर कापीव माल वाढत गेला, २०१९ मध्ये शिखराला पोचला आणि बांधकाम कंपन्या कर्जात बुडाल्यावर उतरला. तिथल्या इमारती काँक्रीटच्या. पाइन जातं शटरिंगला, पॅलेटला, फर्निचरला. म्हणजे आपल्यासारखंच.

माझा कौल चीनला. कारण साधं आहे: कापीव मालाचे आकडे चीनची अर्धीच भूक दाखवतात, ओंडके तो वेगळे घेतो. न्यूझीलंडच्या निर्यातीच्या ओंडक्यांपैकी बहुतेक चीनलाच जातात, आणि कांडल्याला उतरून गांधीधामच्या सॉ मिलमध्ये चिरल्या जाणाऱ्या पाइनमध्येही न्यूझीलंडच्या लागवडीतला माल असतो. चीनने हात आखडला की आपल्याला भाव बोलता येतो. अमेरिकेची ड्यूटी बातम्यांत गाजते, पण आपल्या घनफुटाच्या दरापर्यंत ती फिरत-फिरत, तीही थोडीच पोचते. युरोपचा स्प्रूस (पाइनसारखंच मऊ लाकूड) घेणाऱ्यांनी मात्र अमेरिकेकडेही बघावं, कारण युरोपच्या मिला तिथेही माल पाठवतात.

भाच्याने एका जूनमध्ये अशीच बातमी वाचून तीन महिन्यांचा माल भरला होता. ओला पाइन, वर ताडपत्री, मध्ये पट्ट्या न घालता एकावर एक रचलेला. ऑगस्टमध्ये थप्पी उघडली तर फळ्यांवर निळसर डाग आणि बोटाला लागणारी बुरशी. लाकडाला हीट ट्रीटमेंट दिलेली होती, म्हणजे गाभ्यात ५६ अंश, तीस मिनिटं. त्याने कीड मरते, पण नंतर ओल राहिली तर बुरशी पुन्हा धरतेच. हीट ट्रीटमेंटचा शिक्का असूनही गिऱ्हाइकाने पेट्या परत पाठवल्या. दर त्या तीन महिन्यांत घनफुटामागे वीस रुपयेसुद्धा हलला नव्हता.